भारीचं पेट्रोल

हल्ली पेट्रोल पंपावर गाडी लावली की टाकीचं झाकण उघडायच्या आधीच विचारणा होते, "साहेब, साधं की भारीचं?" विचारण्याचा सूर असा, की 'साधं' म्हणणाऱ्याला आपण भर पंगतीत तूप वाढायचं टाळतोय असं वाटावं. मागे दोन गाड्या उभ्या असतात, त्यांतली माणसं कान देऊन असतात, शेजारी बायको असते. भल्याभल्यांची जीभ तिथे अडखळते. वाचकहो, आपल्यापैकी किती जण त्या क्षणी 'भारीचं' म्हणून मोकळे झाले असतील, हे ज्याचं त्यानं मनात मोजावं. मी विचारणार नाही.

अमरावतीच्या कुंदनरावांना मात्र त्या मोहात पंपावरच्या माणसानं पाडलं नाही. ते काम त्यांच्या साडूनं केलं.

साडू म्हणजे वऱ्हाडात साडभाऊ. देवानं माणसाला भाऊबंद दिले, शेजारी दिले, कचेरीत सोबतचे कारकून दिले. इतकं करूनही जळण्याची थोडी सोय बाकी राहिली असावी, म्हणून त्यानं शेवटी साडभाऊ घडवला. त्यातून तो धाकटा असेल तर विचारूच नका.

कुंदनराव एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक. सासरे जानराव चांदूर रेल्वेचे, स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पुष्कळ वर्षं कुंदनराव हे त्या घरचे एकुलते एक जावई होते. पहिला अनारसा त्यांचा, पंख्याखालची जागा त्यांची, आणि जानराव कुठे निघाले की कुंदनरावांच्या गाडीतलं पुढचं आसन जानरावांचं. सासरा आपल्या शेजारी बसला आहे आणि आपण त्याला गावभर मिरवतो आहोत, यात जावयाला केवढं सुख असतं ते जावयालाच ठाऊक! मग धाकट्या आकांक्षाचं लग्न झालं आणि अकोल्याचा विपुल या घरात आला. औषधांचा ठोक व्यापार, बोलणं गोड, केस भरपूर. एवढं कुंदनरावांनी सहन केलं. पण वर्षभरात विपुलनं गाडी घेतली ती नेमकी कुंदनरावांच्या कंपनीची, त्याच मॉडेलची आणि त्याच पांढऱ्या रंगाची.

"आपली पाहूनच घेतली त्यानं," कुंदनराव बायकोला म्हणाले.

"मंग बरंच झालं ना," शकुन म्हणाली. "तुमची निवड चांगली म्हणून घेतली."

या उत्तरानं कुंदनरावांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला, म्हणजे अधिक मास. जावयांचा सुगीचा महिना. चांदूर रेल्वेला दोन्ही जावयांचं जेवण झालं. कौशल्याबाईंनी दोघांना सारखे अनारसे दिले, सारखी वस्त्रं दिली, इतकी सारखी की कुंदनरावांना फरक शोधूनही सापडेना आणि त्यामुळे चुकल्यासारखं वाटू लागलं. ऊन उतरल्यावर सगळ्यांनी मोझरीच्या आश्रमात जाऊन यायचं ठरलं. कुंदनरावांनी आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. जानराव काठी टेकत आले, उघड्या दाराकडे पाहून प्रेमानं हसले, आणि पुढे जाऊन विपुलच्या गाडीत बसले.

कुंदनराव दार धरून उभेच. शेवटी शकुनच त्या दारातून आत बसली आणि म्हणाली, "लावा आता. गरम हवा येऊन राहिली."

मोझरीहून परतताना दोन्ही गाड्या चहाला थांबल्या. तिथे विपुल कोणाला तरी सांगत होता, "मागच्या टायमाले टाकी भारीच्या पेट्रोलनं भरली. मख्खन चालते गाडी. आवाज नाही, काही नाही."

कुंदनरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामाजी असे सहजासहजी आसन बदलणारे नव्हेत! गाडी तीच, रंग तोच, फरक असलाच तर टाकीच्या आत. त्यांच्या गाडीत साधं पेट्रोल होतं. इतकी वर्षं आपण सासऱ्याला साध्या पेट्रोलवर फिरवत होतो, या विचारानं त्यांना घाम फुटला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकी भारीच्या पेट्रोलनं भरली. पंपाबाहेर पडतानाच गाडीत काहीतरी संचारल्याचं त्यांना जाणवलं. राजकमल चौकात सिग्नल सुटला तेव्हा गाडी जागेवरून अशी निघाली, की त्यांनी स्वतःच "वा" म्हटलं. गाडी आठवडाभर शकुनच्या हातात असे, ती बडनेऱ्याच्या शाळेवर शिक्षिका. कुंदनरावांना ती रविवारी मिळे. त्यामुळे पेट्रोल भरायचं काम तिच्याकडे होतं.

"यापुढे भारीचंच टाकत जाजो," त्यांनी बजावलं.

"बरं," शकुन म्हणाली.

तिच्या 'बरं'चा इतक्या वर्षांत कुंदनरावांनी कधी तपास केला नव्हता.

दर रविवारी ते गाडी चालवत आणि दर रविवारी ती त्यांना अधिक तेज वाटे. चढावर दम लागत नाही, एसी जास्त गार होतो, हॉर्नसुद्धा मोकळा वाजतो. कार्यालयात त्यांनी दोन प्राध्यापक आणि एक शिपाई यांना या पंथाची दीक्षा दिली. आता त्यांना फक्त मामाजी हवे होते, पुढच्या आसनावर, आणि विपुलची गाडी मागे, आरशात.

शेजारी महेजबीन मॅडम राहत. तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवायच्या. पोरांना इंजिन खोलून जोडायला लावण्यात त्यांचा अर्धा जन्म गेलेला. एका संध्याकाळी त्या शकुनकडे लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आल्या, तेव्हा कुंदनराव अंगणात गाडी पुसत होते.

"मॅडम, तुमी कोणतं टाकता?"

"साधं."

"तुमी? ऑटोमोबाइलवाल्या असून?"

"म्हणूनच तं," मॅडम खुर्चीवर बसत म्हणाल्या. "कुंदनभाऊ, ऑक्टेन म्हणजे काय वाटते तुमाले?"

"ताकद. पेट्रोलची ताकद."

"ताकद दोन्हीत जवळपास तेवढीच. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा दम, सबर. इंजिनात हवा अन् पेट्रोल एकत्र करून दाबतात, मंग ठिणगी पडते, मंग ते जळते. आता काही पेट्रोल असं असते का नुसतं दाबलं तरी भडकते, ठिणगीची वाट पाहत नाही. मंग इंजिन खडखड करते. ज्याचा ऑक्टेन जास्त, ते जास्त दाबलं तरी चूप राहते, ठिणगी पडली कीच पेटते. बस, एवढंच."

"मंग चूप राहणारं चांगलंच ना?"

"ज्या इंजिनात दाब जास्त, तिथं पाहिजेच. कंपनीनं सांगितलं असन तं जरूर टाका, साधं टाकू नका. पण तुमची गाडी दाबतेच बेतानं. तेवढा दाब साधं पेट्रोल हसतहसत सहन करते. तुरीची डाळ शिजवायले कुकर लागते, भाऊ. चहा कुकरात केला म्हणून कडक होत नाही."

शकुन कैऱ्या चिरता चिरता हसली.

"पण मॅडम, फरक जाणवते मले. प्रत्यक्ष जाणवते."

"तुमाले जाणवत असन. गाडीले जाणवते काय, ते विचारा."

"विपुलच्या गाडीत तं..."

"हां," मॅडम म्हणाल्या. "आता आलं ध्यानात. खडखड कोठून येऊन राहिली ते."

कुंदनराव पुन्हा गाडी पुसू लागले. शिकलेल्या माणसांचा हाच दोष, त्यांना अनुभव नसतो, असं त्यांचं मत झालं. कुठलीही ठिणगी न पडता भडकण्याबद्दल मॅडम जे बोलल्या, ते पेट्रोलपुरतंच असावं असंही त्यांनी ठरवून टाकलं.

आणि संधी आली. आंब्याच्या दिवसांत जानराव आणि कौशल्याबाई आठ दिवस धाकटीकडे अकोल्याला राहायला जाणार होते. विपुल आणि आकांक्षा त्यांना न्यायला रविवारी चांदूर रेल्वेला येणार होते. "आपणही जाऊ पोचवायले," कुंदनराव म्हणाले. शकुनला नवल वाटलं, पण तिनं "बरं" म्हटलं.

विपुलचा चहा संपायच्या आत कुंदनरावांनी मामाजींची बॅग उचलून आपल्या डिकीत ठेवली. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. जिथे सामान तिथे प्रवासी, हा त्याचा धर्म. जानरावांनी एकदा विपुलच्या गाडीकडे पाहिलं, एकदा डिकीकडे, आणि मुकाट्यानं कुंदनरावांच्या शेजारी येऊन बसले. मायलेकींना गप्पा मारायच्या होत्या म्हणून त्या तिघी विपुलच्या गाडीत गेल्या. म्हणजे इकडे जावई, सासरा आणि भारीचं पेट्रोल. कुंदनरावांना आणखी काही मागायचं नव्हतं.

बडनेरा येईपर्यंत विपुल पुढे होता. तिथे कुंदनरावांनी त्याला मागे टाकलं. आरशात ती पांढरी गाडी लहान होत गेली तसं त्यांच्या छातीत काहीतरी मोठं होत गेलं.

"कशी चालते, मामाजी?"

"चांगली आहे," जानराव म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "इकडच्या एका टपरीवर चहा बरा भेटते म्हणतात."

"चहा आता डायरेक्ट अकोल्यात, मामाजी. विपुलच्या दारात उभं राहून त्याचीच वाट पाहत घेऊ."

जानरावांनी उपरणं सारखं केलं. इथे बाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडे सासऱ्यानं जावयाला काम सांगायचं नसतं. 'पाणी द्या' म्हणायचं नसतं, 'थांबा' म्हणायचं नसतं. पोरगी दिली तेव्हापासून जावई देव, आणि देवाला गाडी बाजूला घ्यायला कोण सांगणार? सासरा फार तर हवापाण्यावर बोलतो आणि देवाला कळेल अशी आशा करतो.

मूर्तिजापूर आलं. "इथच्या स्टेशनावर माह्या हाताखालचा एक जण होता," जानराव म्हणाले. "जिवंत आहे का पाहा लागन कधी."

"पाहू ना परतीच्या वेळेस."

पुढे रस्त्याकडेला कडुलिंब लागले, दाट सावलीचे. जानरावांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ मान वळवून पाहिलं. "उन्हानं गाडी गरम झाली असन, जवाईबापू. दोन मिनिट सावलीत..."

"भारीचं पेट्रोल आहे, मामाजी! गरम होतच नाही."

जानराव दारावरची मूठ घट्ट धरून, ओठ मिटून, समोर पाहत बसले. वेगानं म्हातारा थक्क झाला, असं कुंदनरावांना वाटलं. आनंदानं त्यांनी आणखी दाबली.

अकोल्यात विपुलच्या फाटकासमोर गाडी लागली तेव्हा रस्ता मोकळा होता. विपुलचा कुठे पत्ता नव्हता. कुंदनराव उतरले, वळसा घालून आले, आणि एखाद्या मंत्र्यासाठी उघडावं तसं त्यांनी दार उघडलं.

"या, मामाजी. पहिला नंबर."

जानराव उतरले नाहीत. त्यांनी बोळक्यासारखं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. मग उपरणं मांडीवर नीट पसरायला लागले. पसरत राहिले. कुंदनरावांची नजर उपरण्यावर गेली, तिथून धोतरावर, तिथून आसनावर.

चहाची टपरी, हाताखालचा माणूस, कडुलिंबाची सावली. सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. उभ्या रस्त्यात, भर उन्हात, कुंदनराव गारठले.

"मामाजी, सांगाचं नाही काय..."

"जवायाले कसं सांगू?" जानराव खाली पाहत म्हणाले. "आता कौशल्याले दिसन. पोरीइले दिसन. विपुलले."

विपुल कोणत्याही क्षणी वळणावर येणार होता. महिनाभर ज्या क्षणासाठी कुंदनराव जळले होते तो क्षण हाच. आपण फाटकापाशी हात बांधून उभे, आणि तो मागून येतोय. आयुष्यात एकदा साडभावाला मागे टाकलं होतं, आणि ते पाहायला तो येणारच होता.

कुंदनरावांनी दार लावलं, फिरून आले, बसले आणि गाडी सुरू करून शेजारच्या गल्लीत घातली. गल्लीतून मागच्या रस्त्यानं ते परत हायवेकडे निघाले. या वेळी हळू. खड्डा दिसला की आणखी हळू.

शेवटी जानरावच म्हणाले, "वय झालं, जवाईबापू. आता धरवत नाही."

"विपुलच्या गाडीत म्हणून बसता काय तुमी?"

"त्याच्या बापालेही हाच त्रास होता. त्याले माहीत आहे. दर थोड्या वेळानं तोच म्हणते, मले पाय मोकळे करा लागतात, अन् थांबवते. मले काही सांगा लागत नाही." जानराव खिडकीबाहेर पाहू लागले. "जन्मभर पाहिलं मी. सुपरफास्ट गाड्या चांदूरवरून धूळ उडवत जात. लोकं पाहत राहत. पण गावातला माणूस वाट पाहे ते पॅसेंजरची. जे थांबते ते आपली."

पेट्रोल पंप लागला. गाडी आत वळली तसा पोरगेला माणूस नळी घेऊन धावत आला. "साहेब, भारीचं टाकू?"

"बाथरूम कोठी आहे?" कुंदनराव म्हणाले. "अन् पाणी आहे काय त्यात?"

पाणी होतं. कुंदनरावांनी डिकीतून बॅग काढली, कोरडं धोतर काढून दिलं, दाराबाहेर पाठ करून उभे राहिले. ओलं धोतर स्वतः पिळून पिशवीत भरलं. आसन पुसलं, वर आपला दुपट्टा घडी करून अंथरला. जानराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांतता होती, की कुंदनरावांना त्यांच्याकडे पाहवेना.

विपुलच्या घरी पोचले तेव्हा सगळे ओट्यावर उभे होते.

"काय हो भाऊजी!" विपुल हसत पुढे आला. "हवेसारखे गेलते ना? मी तं समजलो, चहा पिऊन झोपले असान."

कुंदनरावांनी जानरावांकडे पाहिलं. जानराव जोडा काढण्यात गुंतले होते.

"गाडी बंद पडली," कुंदनराव म्हणाले. "मधल्या रस्त्यानं घातली, तिथंच. मामाजी बिचारे उन्हात ताटकळले."

"भारीचं पेट्रोल टाकूनही?" विपुलला हे सोडवेना. "आकांक्षा सांगे, तुमी दर वेळेस तेच टाकता म्हणून. आपली तं साध्यावर बी कधी बंद नाही पडली बावा."

"साध्यावर? तू तं भारीचं टाकते ना? मोझरीच्या दिवशी सांगत होता."

"ते होय! त्या टायमाले पंपावर साधं संपलं होतं. तेवढं एकदाच. मख्खन-बिख्खन म्हटलं आपलं, चारचौघांत काय सांगता? जास्तीचे पैसे गेले होते."

"अन् यांच्या गाडीत तं पहिल्या टाकीनंतर भारीचं कधी पडलंच नाही," शकुन सरबताचे पेले ठेवत म्हणाली. "टाकी मी भरते. साधंच टाकते. महेजबीननं मले पहिलेच सांगितलं होतं."

ओट्यावर हशा उसळला. कौशल्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. कुंदनरावांना आठवलं ते सगळं: दर रविवारचं ते तेज, चढावरचा दम, मोकळा हॉर्न, आणि आजचा सगळा रस्ता. म्हणजे गाडीत काही नव्हतंच! जे काय भडकत होतं, ते स्टिअरिंगच्या अलीकडे बसलं होतं.

एरवी त्यांनी महिनाभर अबोला धरला असता. आज ते इतरांबरोबर हसले. विपुलच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुही गाडी चांगली आहे लेका. मेन म्हणजे, चालवणारा चांगला आहे." विपुल गोंधळला. साडभावानं चेष्टा केली तर उत्तर तयार असतं. असं काही म्हटलं तर काय करायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं.

आठ दिवसांनी परतीची वेळ आली, तेव्हा कुंदनराव आणि शकुन पुन्हा अकोल्याला आले. या खेपेला कुंदनरावांनी बॅगेला हात लावला नाही. दोन्ही गाड्या दारात होत्या. जानराव काठी टेकत आले, एका गाडीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, आणि कुंदनरावांच्या शेजारी येऊन बसले. मागच्या आसनावर शकुन आणि कौशल्याबाई होत्या. कुंदनरावांनी खाली उतरून, पुसलेलीच समोरची काच पुन्हा का पुसली ते दोघींनाही कळलं नाही.

अकोला सुटताच पहिल्या ढाब्यावर गाडी थांबली. "मले पाय मोकळे करा लागतात," कुंदनरावांनी जाहीर केलं. मग बोरगाव मंजूला पाय मोकळे झाले. मग एका कडुलिंबाखाली. मग दुसऱ्या कडुलिंबाखाली.

"जवाईबापू," जानराव शेवटी म्हणाले, "मघाशीच तं थांबलो. आता काय दर झाडाले सलामी देता? लावा गाडी. लागलं तं मी सांगतो ना."

सासऱ्यानं जावयाला काम सांगितलं. वऱ्हाडात असं क्वचित घडतं.

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच. आपल्या गाडीसाठी कंपनीनं जे पेट्रोल सांगितलं आहे ते टाकावं. त्याहून भारीचं टाकून साधी गाडी पळत नाही, हे महेजबीन मॅडमनी तुमच्यासाठीही सांगून ठेवलं आहे. दुसऱ्याच्या टाकीत काय आहे याची चौकशी करत जो गाडी हाकतो, त्याला आपल्याच शेजारी बसलेल्या माणसाचं म्हणणं ऐकू येत नाही. आणि म्हातारी माणसं मोठ्यानं बोलत नाहीत. ती फक्त म्हणतात, इकडचा चहा बरा असतो. तेवढ्यावर गाडी थांबवता आली पाहिजे.